उताराखालची पंगत

"मग हे पाणी जाणार कुठे, बाबा?"

शाल्मली खरवंडीकरने तिसऱ्यांदा विचारलं. ती नगरपालिकेत इंजिनिअर. नकाशात तिची एक रेघ चुकत नसे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. टेकडीवरच्या कॉलनीची बाग हातभर खोल केली तर पावसाचं पाणी तिथंच मुरेल, खालच्या आळीत शिरणार नाही, असं ती दोन वर्षं सांगत होती. कॉलनीवाले म्हणत, बागेला हात लावायचा नाही. मोठा पाइप टाका नि पाणी खाली सोडा. नगरसेवकही त्यांच्याच बाजूचे.

ज्यांना ती बाबा म्हणे ते हशमशाह फकीर खालच्या आळीतच राहत. त्यांनी नकाशाची घडी करून तिच्या हातात दिली.

"शुक्रवारी दुपारी गोड भात आहे. वरच्यांना जेवायला बोलाव."

"आणि नकाशा?"

बाबा सुपातले तांदूळ निवडू लागले.

तिला ते पोरकट वाटलं. तरी तिनं निरोप दिला.

कॉलनीचे सेक्रेटरी अच्युतराव मुजुमदार चौघांना घेऊन आले, संकोचतच. शेजारच्या जैनबींच्या घरात पंगत बसली आणि बाहेर पावसानं जोर धरला. दोन घास झाले नाहीत तोच उंबऱ्यावरून पाणी आत आलं. घरातलं कुणी दचकलं नाही. जैनबींनी पातेलं फळीवर ठेवलं, पाहुण्यांच्या चपला खुंटीला अडकवल्या आणि सगळ्यांना पलंगावर बसवलं.

हे पाणी येतं तरी कुठून, अच्युतरावांनी ताट सावरत विचारलं.

"तुमच्याकडून," जैनबी सहज म्हणाल्या. "दर वर्षी येतं. तुम्ही जेवा, भात निवेल."

अच्युतरावांनी मान खाली घालून आणखी थोडा भात मागून घेतला.

दिवाळीनंतर बाग खणायला घेतली. पहिली कुदळ अच्युतरावांनी मारली.

पुढच्या श्रावणात धो धो पाऊस झाला. बागेचं तळं झालं, आळी कोरडी राहिली. ते तळं बघायला अख्खी आळी टेकडी चढून आली. कॉलनीतल्या बायकांनी भज्यांचे घाणे काढले. जैनबींची नातवंडं आणि मुजुमदारांची नातवंडं पाण्यात उतरून एकमेकांना भिजवत होती, आणि त्यांना बाहेर काढायला गेलेले अच्युतराव स्वतःच चिंब होऊन आले.

शाल्मलीने बाबांसाठी गरम भजी आणली. तिला हसू आवरत नव्हतं. दोन वर्षांत आपल्याला जमलं नाही ते तुम्ही एका जेवणात केलंत कसं, तिनं विचारलं.

"मी काय केलं, बेटी…" हशमशाह म्हणाले. "त्या उतारावरून तोवर पाणीच तेवढं यायचं. त्या दिवशी माणसं आली."