साळूची बाग आणि बांधावरचे गवत

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी जिथे ओढा वळण घेतो, तिथल्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे पाठीवर काळे-पांढरे काटे असलेला प्राणी. कुणी त्याला साळिंदर म्हणतात, कुणी सायाळ. बाकीच्या साळू जमीन उकरून कंद खातात आणि पुढे निघून जातात. ही मात्र निराळी होती. कंद सापडला की ती अर्धाच खाई आणि डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, असलेला तुकडा पुन्हा मातीत पुरून त्यावर पालापाचोळा पसरी. असे करता करता तिच्या बिळासमोरच्या उतारावर एक बाग उभी राहिली. तिथे सुरण होता, रताळी होती, कोनफळाचे वेल होते, ओलसर कोपऱ्यात अळू होते. उन्हाळ्यात जंगलात खायला काही उरत नसे, तेव्हा शेजारीपाजारी तिच्याकडे येत. ती कुणालाही रिकामे पाठवत नसे. "पोटभर खा, पण डोळा तेवढा ठेवा," एवढेच ती सांगे.

एका वर्षी पाऊस ओसरला, उन्हे पडू लागली आणि बागेच्या बांधावरचे गवत उंच वाढून तुऱ्यांवर आले. एके सकाळी साळू रताळ्यांच्या वेलांना माती लावत होती. शेजारचा ससा आपली पिल्ले घेऊन कोवळा पाला खायला आला होता. अचानक साळूच्या नाकात हुळहुळले, डोळे चुरचुरले आणि तिला शिंक आली. एक झाली, दुसरी झाली, मग थांबेचना. शिंकेसरशी तिचे काटे ताठ उभे राहत आणि खडखड वाजत. सशाचे एक पिल्लू तिच्या अगदी पाठीशी उभे होते. काट्याचे टोक त्याच्या नाकाला लागले आणि ते कळवळून ओरडले.

साळूला फार वाईट वाटले. ससा म्हणाला, "अहो साळूताई, साधं खरचटलंय. उद्यापर्यंत विसरेल तो." पण साळूने ते मनाला लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सशाची पिल्ले आली, तेव्हा तिने लांबूनच सांगितले, "इकडे येऊ नका रे. मला बरं नाही."

शिंका मात्र थांबल्या नाहीत. सकाळी बागेत पाऊल टाकले की नाक गळायला लागे, डोळे सुजत, घशात खाज सुटे. झाडावरच्या माकडाने सल्ला दिला, "रानमिरची चावून खा. नाक एकदम मोकळं!" साळूने बिचारीने मिरची चावली. मग नाकाचे पाणी, डोळ्यांचे पाणी आणि तिखटाचे पाणी असे सगळे मिळून वाहू लागले. ती ओढ्यात तोंड बुडवून बसली, तेव्हा माकड फांदीवर पोट धरून हसत होते.

एक रानडुक्कर हे सगळे बघत होते. ते जवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, "साळूताई, तुला एक सांगू का? ही मातीच तुला मानवत नाही. बाग सोड. मी राखतो ना! ज्याच्यानं राखवेल त्याची बाग, असं आपलं ठरवून टाकू."

"माती मानवत नाही?" साळू म्हणाली. "या मातीतच तर मी लहानाची मोठी झाले."

"होतं असं कधी कधी," डुक्कर म्हणाले आणि सुरणाच्या वाफ्याकडे बघत राहिले.

त्याचे बोलणे साळूच्या मनात सलत राहिले. आपल्याला काही झालेलेच नाही असे स्वतःला बजावत ती जास्तच काम करू लागली. एके दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. गवताचे तुरे झुलत होते. साळू शिंकत, डोळे पुशीत कोनफळांभोवती उकरत होती. उकरता उकरता तिची छाती भरून आली. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. ती तिथेच वाफ्यात बसली आणि मग आडवी झाली.

सशाने तिला पाहिले. "साळूताई! अहो, उठा ना!" त्याने हाका मारल्या. ती नुसतीच डोळ्यांनी बघत होती. ससा तसाच डोंगर चढून गुहेतल्या म्हाताऱ्या अस्वलाकडे धावला. त्या जंगलात कुणाचे काही दुखले की सगळे अस्वलाकडेच जात.

अस्वल आले. पाठीला कान लावायची सोय नव्हती, म्हणून त्याने साळूला कुशीवर वळवले आणि छातीला कान लावला. आत मांजर बसल्यासारखी घरघर चालली होती. त्याने तिला उचलून ओढ्यापलीकडे, झाडांच्या गर्द सावलीत नेऊन ठेवले आणि बसते केले. तोंडावर पाणी मारले. "घाई करू नको. हळूहळू श्वास सोड," ते सांगत राहिले. बऱ्याच वेळाने घरघर कमी झाली.

"हे अंगावर काढायचं दुखणं नाही," अस्वल म्हणाले. "पुन्हा छाती अशी भरली, तर लगेच मला बोलवायचं. लाजायचं नाही. बरं, शिंका येतात केव्हा?"

"नेहमीच," साळू म्हणाली.

"नेहमीच असं काही नसतं. काही दिवस इथंच पलीकडे राहा. बागेत जाऊ नको. कधी शिंक येते, कधी येत नाही, तेवढं नीट बघत बस."

साळू ओढ्यापलीकडच्या कपारीत राहू लागली. नवल म्हणजे तिथे तिला बरे वाटू लागले. श्वास मोकळा झाला, डोळ्यांची सूज उतरली. पण समोर तिची बाग दिसत होती आणि बागेत डुक्कर दिसत होते. ते राखण कसली करते! मुसंडी मारून ते आख्खे वेल उपटत होते. कंद खाऊन सालीसुद्धा ठेवत नव्हते, मग डोळे कुठले ठेवणार? इतक्या वर्षांचा एकेक वाफा उलथापालथा होत होता. साळू बघत बसे आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येई. हे पाणी शिंकांचे नव्हते.

"अस्वलकाका सांगतात तसं मी बघतेय," ती सशाला म्हणाली, "पण बघून उपयोग काय? माझी मातीच मला सोसत नाही."

ससा तिच्यापुढे येऊन बसला आणि त्याच क्षणी साळूला सणसणीत शिंक आली. ससा टुणकन मागे उडाला. पाठोपाठ आणखी शिंका आल्या.

"आता इथं कुठं माती आलीय तुमच्या बागेची?" ससा गोंधळून म्हणाला. "मी तर बांधावरून आलो, गवतातून."

साळूने डोळे पुसून त्याच्याकडे नीट पाहिले. सशाच्या मिशांवर, कानांवर, पाठीवर पिवळट भुकटी बसली होती. गवताच्या तुऱ्यांतली ती बारीक भुकटी होती, नुसत्या फुंकरीने उडणारी.

"ससेभाऊ, एक काम कराल?" साळू उठून उभी राहिली. "ओढ्यात एक डुबकी मारून या."

"मी? पाण्यात?" ससा घाबरला. पण साळूच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उमेद दिसत होती. तो डोळे मिटून पाण्यात शिरला आणि कुडकुडत बाहेर आला. साळू त्याच्या अगदी जवळ गेली. तिने हुंगले. शिंक आली नाही.

"आता आणखी एक. ओढ्याच्या कडेकडेनं जा, गवतात शिरू नका. आणि मला माझ्या बागेतलं एक ढेकूळ आणून द्या."

सशाने तोंडात धरून मातीचे ढेकूळ आणले. साळूने भीत भीत त्याला नाक लावले. वास ओळखीचा होता, ओला, थोडासा सुरणासारखा. तिने खोल श्वास घेतला. काही झाले नाही. पुन्हा घेतला. तरी काही नाही. मग ती त्या ढेकळाला नाक लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

त्या दिवसापासून तिचे बघणे बदलले. सकाळी उन्हे तापून कोरडा वारा सुटला की बांधावरून पिवळा धूर उठल्यासारखा दिसे. त्या वेळी ओढ्यापलीकडे कपारीतसुद्धा तिचे नाक हुळहुळे. सर पडून गेली की भुकटी खाली बसे आणि तिला काहीच होत नसे. संध्याकाळी वारा पडला की बरे वाटे. तिने हे सारे अस्वलाला सांगितले.

"मग शत्रू बाग नाही, माती नाही," अस्वल म्हणाले. "शिंका तुझ्या अंगातून साफ जातील असं मी सांगत नाही. पण त्यांच्या वाटेतून बाजूला कसं व्हायचं, ते आता तुला कळलंय."

एक गोष्ट मात्र साळूला अवघड वाटत होती. बांधावरचे गवत काढायला हवे होते आणि ते तिला स्वतःला करता येणार नव्हते. जंगलात एक गवा राहत होता. त्याच्या खुरांनी वेल तुडवले जातील म्हणून साळूने त्याला कधी बांधाजवळ फिरकू दिले नव्हते. आता त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जायचे? तरी ती गेली. "गवादादा, मला मदत लागतेय," ती मान खाली घालून म्हणाली.

गव्याने तिचे सगळे ऐकले आणि म्हटले, "अगं, त्या गवताकडे मी कधीपासून बघतोय. तू रागावशील म्हणून आलो नाही. वेलांवर पाय पडू देणार नाही, शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगली सर पडून गेली. झाडे ठिबकत होती, वारा पडला होता. साळू ओढा ओलांडून बागेत आली. मागे ससा होता, बांधापलीकडे गवा येऊन उभा राहिला होता.

डुकराने तोंड वर केले. "आलीस? जमणार नाही तुला. एक शिंक आली की पळशील. ज्याच्यानं राखवेल त्याची बाग, ठरलंय ना?"

"ठरलंय," साळू म्हणाली आणि उलथलेल्या वाफ्यातून सुरणाचे उरलेसुरले तुकडे वेचू लागली.

डुक्कर वाट बघत राहिले. शिंक येईना. सशाला राहवले नाही, तो बोलून गेला, "आता नाही येणार शिंक. माती नव्हतीच मुळी, ते गवत होतं गवत!"

"असं होय!" डुक्कर म्हणाले. ते धावत बांधावर गेले आणि गवतात घुसून जोरजोराने अंग घुसळू लागले. तुरे गदागदा हलले. साळूने पटकन पंज्यांनी नाक झाकले. पण सरीने भिजलेल्या तुऱ्यांतून भुकटी उडालीच नाही. उडाले ते पाणी, आणि ते सगळे डुकराच्याच अंगावर. ते नखशिखान्त भिजले, डोळ्यांत गवताची पाती गेली, आणि झटकत बाहेर पडते तो समोर गवा उभा. गव्याने नुसती मान खाली घालून डुकराच्या पायांजवळचे गवत चरायला सुरुवात केली. डुक्कर एक पाऊल मागे सरले, मग दुसरे, आणि पाठ फिरवून रानात निघून गेले.

साळू दिवस मावळेपर्यंत वेचत आणि पुरत राहिली. वाचलेले डोळे थोडे होते. सशाची पिल्ले ते मातीतून हुडकून तिच्याजवळ आणून ठेवत होती. गव्याने पुढच्या काही दिवसांत, सर पडून गेली की येऊन, बांध पार मोकळा केला. त्याला साळूने सांगून ठेवले, पुढच्या वर्षी तुरे यायच्या आधीच यायचे. काम झाले की साळू ओढ्यात अंग बुचकळून काढी आणि मगच बिळात शिरे, म्हणजे अंगावरची भुकटी अंथरुणात जात नसे.

त्या उन्हाळ्यात बागेत नेहमीइतके पिकले नाही, पण कुणी उपाशी राहिले नाही. पुढच्या वर्षी वाफे पुन्हा भरून आले. शिंका साफ गेल्या का? नाही. लांबच्या माळावरून वारा यायचाच, आणि कधीमधी साळूचे डोळे चुरचुरायचेच. अशाच एका वाऱ्याच्या सकाळी ती बिळाच्या तोंडाशी बसून पुढच्या लावणीचे कंद निवडत होती. एक नवखी खार तिथे आली आणि तिने विचारले, "साळूताई, एवढी छान बाग सोडून तुम्ही आत का बसलात?"

"सोडली कुठे?" साळू हसून म्हणाली. "सकाळ वाऱ्याची आहे, ती वाऱ्याला दिली. संध्याकाळ माझी आहे. ये तेव्हा, तुला कोनफळ लावायला शिकवते."

तात्पर्य : आवडते काम त्रासाला भिऊन सोडू नये आणि हट्टाने जिवावरही ओढवून घेऊ नये. त्रास कुठून आणि केव्हा येतो ते शांतपणे शोधावे आणि जे एकट्याने होत नाही त्यासाठी मोकळ्या मनाने मदत मागावी.