चालती शीव

एका राज्यात एक विचित्र शीव होती. न सांगता गाव सोडून निघालेल्या माणसापुढे ती चालू लागायची. बैल जितके चालतील, तितका शिवेचा दगड पुढे सरकायचा, आणि मागे पाहावं तर गाव तिथंच, हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या सूर्यास्ताला तो माणूस दगड होऊन रस्त्याकडेला उभा राहायचा.

हा शाप एका मांत्रिकाचा. त्याचा जिवाभावाचा मित्र, त्या राज्याचा पहिला राजा, एका पहाटे त्याला न सांगता परमुलखात निघून गेला होता. पुढचे राजे मोठे कर्तबगार. त्यांनी दवंडी पिटवली, की शापाचं नाव कुणी काढायचं नाही. झाला बंदोबस्त.

त्या राज्यात कोंडाजी रंगारी राहत होता. निळीची झाडं वाळली, काम आटलं, तेव्हा घरानं परमुलखात जायचं ठरवलं. कोंडाजीनं बजावलं, "कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते." म्हातारी माणसं आपल्या भित्रेपणाला असं एखादं शास्त्र शोधून ठेवतातच. थोरली बहीण गोंदाक्का पलीकडच्या आळीत एकटी राहायची. तिला तो म्हणाला, "जत्रेला जाऊन येतो. आठ दिवसांत परत." आणि गाडी हाकली.

दुसऱ्या सूर्यास्ताला कोंडाजीचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. मुलाची आणि सुनेची पावलं दगडी झाली. नात धुरपा तेवढी शाबूत होती, कारण तिनं मैत्रिणीला सगळं सांगून टाकलं होतं.

शिवेच्या दगडावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "तीन निरोप राहिलेत. जिच्याशी भांडलात तिचा, जिनं पाणी पाजलं तिचा, जिला फसवलंत तिचा. उद्या सूर्य बुडायच्या आत."

"मी जाते," धुरपा म्हणाली.

"तू लहान आहेस," बाप म्हणाला.

"पाय माझेच चालतायत, बाबा."

सकाळी ती शेजारणीकडे, कासाईकडे गेली. कासाईच्या पांढऱ्या लुगड्यावर निळा रंग उडाला, तेव्हापासून अकरा वर्षं दोन्ही घरं बोलत नव्हती.

"आईचा निरोप आहे. चूक आमची होती. आम्ही कायमचे जातोय."

"एवढं म्हणायला अकरा वर्षं लागली होय? त्या लुगड्याची गोधडी होऊन फाटलीसुद्धा," कासाई म्हणाली, आणि वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. तिकडे आईची पावलं मोकळी झाली.

मग ती विहिरीवर गेली आणि बापाचा निरोप सांगितला. विहीर म्हणाली, "मला निळी करून सोडलीत. जाताना तरी वाकून बघा." धुरपा वाकली. पाणी काठापर्यंत वर आलं, तिच्या कपाळाला लागलं आणि खाली गेलं. बापाची पावलं सुटली.

ती शिवेवर परतली, तेव्हा तिसऱ्या निरोपाचं टिटवी म्हणाली, "हा उसना चालत नाही. फसवणाऱ्यानंच बोलायचं." कोंडाजी तर छातीपर्यंत दगड झालेला.

"अक्काला आणू नकोस," तो म्हणाला. "रडेल ती."

"तिच्या रडण्याचं सोडा, आजोबा. तुम्हाला रडताना ती बघेल, याची तुम्हाला लाज वाटते."

धुरपानं गोंदाक्काला पाठीवर घेऊन आणलं. सूर्य झाडांना टेकला होता.

"गाडी भरताना पाहिली मी," गोंदाक्का म्हणाली. "जत्रेला कुणी पाटा-वरवंटा नेतं का रे?"

कोंडाजीनं तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "अक्के, मी कायमचा जातोय. आता आपली भेट नाही."

"हे दारात सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली. तू थांब म्हणशील, आणि मी थांबेन."

"म्हटलं असतं. दोन दिवस थांब म्हटलं असतं. एका ताटात जेवलो असतो, मग मीच घालवलं असतं."

तिनं पदराखालून वाटी काढून त्याच्या हातावर दही घातलं. त्यानं ते चाटलं. डोळ्यांतलं पाणी छातीवर पडलं, आणि पडेल तिथला दगड विरघळत गेला. मांत्रिकाला कधी न मिळालेला निरोप शेवटी कुणीतरी आपल्या तोंडानं दिला होता; रस्त्याकडेचे सगळे दगड माणसं झाले. त्यांतला एकही पुढे गेला नाही. सगळे गावाकडे वळले, ज्याला त्याला कुणाला तरी काही सांगायचं होतं.

राजानं दुसऱ्या दिवशी दवंडी पिटवली, की आमच्या पुण्याईनं शाप उतरला. म्हणू दे.

इकडे शाप उतरला त्याच सांजेला बैल जुंपले होते. कोंडाजी सवयीनं म्हणाला, "निघताना मागे बघू नये."

"बघ," गोंदाक्का म्हणाली. "मी दिसेनाशी होईपर्यंत बघ."

म्हातारा गाडीत मागे तोंड करून बसला. गाडी शीव ओलांडून गेली, आणि शीव जागची हलली नाही.