दुदारीचं उघडं दार

सोनखारच्या कालव्यात, खाडीच्या तोंडाशी, दगडी हौद आहे. दोन्ही टोकांना लाकडी दारं, म्हणून नाव दुदारी. होडी हौदात घ्यायची, एक दार मिटायचं, पाणी पुढच्या पातळीला आणायचं आणि मग दुसरं दार उघडायचं, अशी ही रीत. पण खाडीकडचं दार कायम उघडंच. पाहुणे होडीतून हौदात शिरले की हसुराम तांडेल वल्हं थांबवतो आणि त्यामागची गोष्ट सांगतो.

गोऱ्या साहेबाच्या अमलात हा हौद गावानं वेठीवर खणला, असं सांगतात. खणताना दरड कोसळली आणि नागूबायचा दादला आत गाडला गेला. मोबदल्यात साहेबानं शब्द दिला होता, की गावच्या होड्या कधी अडवल्या जाणार नाहीत.

पुढच्याच वर्षी नागूबायची सून चांगुणा अडली. सुईण कालव्याच्या वरच्या टोकाला. नागूबायनं तिला होडीत घातलं आणि दुदारीशी आणलं, तर खाडीकडचं दार बंद. साहेब पाहुण्यांना घेऊन कालव्यात जलविहाराला गेला होता. तो परतेपर्यंत हौद मोकळा ठेवायचा हुकूम होता.

"पोर मरंल माझी," नागूबाय म्हणाली.

"माझ्या हातात नाही, बाय," दारवान म्हणाला. तो खाली बघत होता.

चांगुणा तिथंच गेली, पोटातल्या जिवासकट. त्या वेळी वरून साहेबाच्या नावेतलं हसणं-खिदळणं ऐकू येत होतं म्हणे.

नागूबाय रडली नाही. साहेबासाठी दार उघडलं, तशी तिनं सुनेची होडी उंबऱ्यावर आडवी घातली. मागं गावच्या होड्या येऊन भिडल्या.

"माझ्या माणसाच्या हाडांवर हे दार उभं हाय," ती म्हणाली. "आता ते मिटायचं नाय."

साहेबानं होडी ओढून काढायला सांगितलं. गावचा एकही माणूस हलला नाही. शेवटी त्याला पाहुण्यांसह गुडघाभर चिखल तुडवत काठानं जावं लागलं. चांगुणेला अग्नी दिल्यावर शिपायांनी दार मिटायला दोरखंड लावून ओढून पाहिलं. दोरखंड तुटले, दार तसूभर हललं नाही. इंजिनेर म्हणाले, गाळ साचलाय. गाळ उपसला, तरी तेच.

तेव्हापासून भरतीनं खाडीचं पाणी कालव्याच्या पातळीला आलं, की मगच होड्या जातात. आजही दुदारीत शिरण्याआधी प्रत्येक नाखवा हाक देतो, "अडलंय का कोणी?" उत्तर आलं, तर त्याची होडी आधी.

मागच्या पावसाळ्याआधी एक बडे अधिकारी लाँच घेऊन आले. खलाशी हाक न देताच आत घुसू लागला. हसुरामनं आपली होडी लाँचपुढं आडवी घातली.

"मी कोण आहे ठाऊक आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाय," हसुराम म्हणाला. "आधी हाक द्या."

लाँचचं इंजिन बंद झालं. अधिकाऱ्यांनी स्वतः उभं राहून हाक दिली, मग हसुरामनं वल्हं उचललं.