चिंचेने उजळलेले नाणे

मुलांनो, फार वर्षांपूर्वी कातळावर एक नाणे पडल्याचा आवाज मी ऐकला होता. टण्ण, आणि मग बराच वेळ नुसती गुणगुण. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तो आला की मला एका खारीची गोष्ट आठवते.

ही खार एका जंगलात जुन्या पांगाऱ्यावर राहत असे. झाड बाहेरून धट्टेकट्टे दिसे, पण वाळवीने ते आतून पोखरले होते. खारीची दोन पिल्ले होती. त्यांचे डोळे नुकतेच उघडले होते. त्या दिवशी सकाळपासून वारा वाढत चालला होता आणि प्रत्येक झोताबरोबर पांगारा कण्हत होता. शेजारच्या बेहड्याच्या झाडात धनेश पक्ष्याची एक ढोली रिकामी होती. खार त्याच्याकडे गेली. धनेशाला जुन्या नाण्यांचा भारी नाद. तो म्हणाला, "नऊ रेघांचं नाणं आण आणि ढोली घे. आठ चालायच्या नाहीत. सूर्य मावळेपर्यंत थांबतो, मग उदमांजराला देईन. ते दोनदा विचारून गेलंय."

आता रेघा म्हणजे काय, ते सांगतो. त्या जंगलातून पूर्वी व्यापाऱ्यांची वाट जात असे आणि मातीत त्यांची नाणी सापडत. ओढ्याकाठी एक म्हातारे कासव त्यांची पारख करी. नाणे उन्हात धरून ते दोन्ही बाजू बघे, कडा बघे, मग धावड्याच्या स्वच्छ डिंकात नाणे बसवून टाकी. नाणे दिसे, पण त्याला कुणाचे बोट लागत नसे. डिंक सुकण्याआधी कासव त्यावर नखाने रेघा ओढी. झिजलेल्याला दोन-तीन, फार चांगल्याला नऊ. एकाच टाकसाळीतली दोन नाणी असली, तरी सहा रेघांच्या नाण्याला मूठभर बोरे मिळत आणि नऊ रेघांच्या नाण्याला ढीगभर. धनेश तर नाणे बघतच नसे, रेघा मोजत असे.

खारीकडे वडिलांनी ठेवलेले तांब्याचे एक नाणे होते. ते काळपट होते, कडेला हिरवट झाक होती. ते घेऊन ती निघाली, तर वाटेत कावळा भेटला. "खारूताई, हे असलं काळं ध्यान घेऊन निघालीस?" तो म्हणाला. "लोक हसतील. आपण देवाची भांडीसुद्धा चिंचेनं घासतो ना? घास की जरा."

खारीने आभाळाकडे बघितले. सूर्य अजून वर होता. ती चिंचेखाली बसली आणि चिंच, राख, पुन्हा चिंच असे घासत राहिली. तिचे पंजे झोंबू लागले. पण नाणे असे लखलखले की कावळ्याचे डोळे दिपले. "आता बघ, दहा रेघा देतो की नाही म्हातारा," तो म्हणाला आणि गंमत बघायला तिच्याबरोबर गेला.

ओढ्याकाठच्या कातळावर कासवासमोर खारीच्या आधी एक साळिंदर होते. त्याचे नाणे मातकट होते, तरी कासवाने आठ रेघा ओढल्या. खारीला धीर आला. तिने आपले नाणे पुढे ठेवले. कासवाने ते उचलले, उन्हात धरले, फिरवले, पुन्हा फिरवले. मागे झाडे सळसळत होती आणि दूर कुठेतरी एक फांदी मोडली.

"कुणी घासलं हे?" कासवाने हळूच विचारले.

"मीच, आजोबा. आत्ता, येताना वाटेत."

"तुझ्या वडलांनी कधी घासलं नव्हतं?"

"नाही. पानात गुंडाळून ठेवायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

कासवाने मान खाली घातली. "अक्षरं शाबूत आहेत, बाळ. कडाही जपल्यात. पण अंगावर सगळीकडे बारीक ओरखडे आलेत. इतक्या वर्षांचा तो काळा रंग हीच याच्या जुनेपणाची साक्ष होती. घासण्याआधी आली असतीस तर नऊ रेघा होत्या. घासलेल्या नाण्याला मी रेघ देत नाही, फुली मारतो."

"द्या की नऊ, आजोबा," कावळा म्हणाला. "तिची पिल्लं आहेत. कुणाला कळणार आहे?"

कासवाचे नख बाजूला काढून ठेवलेल्या ओल्या डिंकावर थांबले. तो पोखरलेला पांगारा त्यालाही माहीत होता. मग ते म्हणाले, "आज याला नऊ दिल्या, तर या साळिंदराच्या आठ रेघांवर उद्या कोण विश्वास ठेवील?" साळिंदराने आपले नाणे जवळ ओढून घेतले.

"फुलीवर ढोली मिळेल?" खारीने विचारले.

"नाही, बाळ."

"मग डिंक वाया घालवू नका."

तिने नाणे हातात घेतले. सूर्य टेकडीला टेकत आला होता. पिल्लांना एकेक करून तोंडात धरून न्यायचे होते, आणि कुठे न्यायचे ते अजून ठरायचे होते.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं," कावळा म्हणाला. "चमकत तर होतं ना?"

खारीने त्याच्याकडे बघितले. मग ते लखलखते नाणे तिने त्याच्या पायाशी कातळावर टाकले. टण्ण. त्याची गुणगुण थांबायच्या आत ती पांगाऱ्याच्या वाटेला लागली होती.

तात्पर्य : ज्या वस्तूचे मोल आपल्याला ठाऊक नाही, ती जाणत्याला दाखवण्याआधी सजवायला जाऊ नये, आपण ज्याला मळ समजून पुसतो, तेच तिचे मोल असू शकते.