एकट्याचा बांध

“अजून किती उंच करू, बाबा? एकदाच काय तो आकडा सांगा.”

हिराजी लतीफबाबा फकिराच्या पायाशी बसला होता. स्वतःला बाबांचा चेला म्हणवायचा, पण प्रश्न विचारायचा ठेकेदाराचे.

समोर खाडी होती. उधाणाचं पाणी दर वर्षी आदल्या वर्षापेक्षा वर चढत होतं. गावची भातशेती आणि ते खारं पाणी यांच्यामध्ये हिराजीचा मातीचा बांध तेवढा उभा होता. दोरी लावून केल्यासारखा सरळ, देखणा. एकट्यानं घातलेला.

बाबांनी काठीनं बांधाकडे दाखवलं.

“हाक मार.”

“कसली?”

“बांध फुटल्यावर मारतात ती.”

“फुटलाय कुठं? लोक हसतील.”

“हसायला तरी येतील. मार.”

हिराजी नाइलाजानं बांधावर चढला. तोंडाशी हात धरून ओरडला, “खांड पडली होऽऽ! बांधाला खांड पडली!”

पूर्वी ही हाक आली की घरटी एक माणूस हातात घमेलं घेऊन धावत सुटायचा. पुढ्यातलं ताट तसंच टाकून.

आज खाडीतले बगळे उडाले. वाडीतली एक खिडकी उघडली... आणि पुन्हा लागली.

तो परत ओरडला. या वेळी आवाज चिरकला. दिवसाढवळ्या, भरल्या गावासमोर माणूस इतका एकटा पडू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला भीती वाटली.

खाली आला तेव्हा डोळे भरले होते.

“कोणी येत नाय, बाबा.”

“का?”

“मीच सांगितलं होतं. येऊ नका, माझा मी समर्थ हाय.”

“ऐकलं त्यांनी.”

“त्यांचं काम मला पटायचं नाय...” हिराजी थांबला. “पण बाबा, खरंच पाणी आत आलं तर?”

बाबा काठी टेकत उठले. खाडीकाठचा चिखल एका हाताच्या मुठीत धरला, धापा टाकत बांध चढले आणि हिराजीच्या सरळ रेषेवर तो गोळा थापला. अगदीच वेडावाकडा. निम्मा ओघळून खाली आला.

सवयीनं हिराजीचा हात तो सारखा करायला पुढे झाला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. दुसऱ्याच्या हातचा हाय.”