पालुबाईची खोबण

बोरकरांच्या घरात एक पाल राहायची. तिचं नाव पालुबाई. गुलाबी पोट. इवली इवली बोटं. शेपटी मात्र ऐटबाज.

स्वयंपाकघराच्या भिंतीत, खिडकीशेजारी, एक छोटंसं भोक होतं. ती पालुबाईची खोबण. दिवसभर आत झोपायची. संध्याकाळी दिवा लागला की बाहेर यायची. चिलटं खायची. मटक मटक.

कुणी काही बोललं आणि पालुबाई चुकचुकली, की आई म्हणायची, "पाल चुकचुकली. म्हणजे बोललं ते खरं." आणि ओट्यावर बोट वाजवायची. टक टक टक.

एकदा आई म्हणाली, "अहो, स्वयंपाकघर लहान पडतंय."
बाबा म्हणाले, "मग वाढवूया."
पालुबाई भिंतीवरून म्हणाली, चुक चुक चुक.
टक टक टक. ठरलं.

गवंडीदादा आले. पालुबाई तेव्हा माळ्यावर फिरायला गेली होती. गवंडीदादांनी थापीवर सिमेंटचा गोळा घेतला. थपाक. खोबण बुजली.

सुळुक सुळुक पालुबाई परत आली. खोबण कुठंय? इकडे भिंत. तिकडे भिंत. वर भिंत. खाली भिंत.

पालुबाईच्या पोटात दोन अंडी होती. आज ना उद्या घालायची होती. आता घालायची कुठे?

पालुबाईला रडू आलं. मग राग आला. रागच जास्त आला. तिनं शेपटी आपटली. सट्.

सुळुक सुळुक ती गेली गवंडीदादांकडे. गवंडीदादा बसले होते सिमेंटच्या गोणीवर. चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"गवंडीदादा, गवंडीदादा,
माझी खोबण बुजली.
अंडी ठेवू कुठे?
मी गप्प बसणार नाही."

गवंडीदादा म्हणाले, "खिडकीची चौकट आल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही."
"बुजवताना लावलात की," पालुबाई म्हणाली.
गवंडीदादांनी कप तोंडाला लावला. फुर्र फुर्र.

सुळुक सुळुक ती गेली सुतारकाकांकडे. सुतारकाका बसले होते फळीवर. कानावर पेन्सिल. हातात चहा. फुर्र फुर्र.

"सुतारकाका, सुतारकाका,
माझी खोबण बुजली.
गवंडीदादा म्हणतात, चौकट नाही.
अंडी ठेवू कुठे?
मी गप्प बसणार नाही."

सुतारकाका म्हणाले, "माझी करवत विजेवर चालते. वीज आल्याशिवाय मी चौकट करणार नाही."
"आणि हातानं चालवायची करवत?"
"हात दुखतो गं बाई." फुर्र फुर्र.

सुळुक सुळुक ती गेली वायरमनदादांकडे. वायरमनदादा बसले होते शिडीवर, अगदी वरच्या पायरीवर. तिथेही चहा. फुर्र फुर्र.

"वायरमनदादा, वायरमनदादा,
माझी खोबण बुजली.
गवंडीदादा म्हणतात, चौकट नाही.
सुतारकाका म्हणतात, वीज नाही.
अंडी ठेवू कुठे?
मी गप्प बसणार नाही."

वायरमनदादा म्हणाले, "शूक शूक. शिडीवर चढू नकोस, मी पडेन. आणि हे बघ, पाइप बसल्याशिवाय मी वीज जोडणार नाही. मागच्या वेळी त्या प्लंबरनं माझी वायर तोडली."
"मग त्यांच्याशी बोला."
"मी नाही बोलत त्याच्याशी." फुर्र फुर्र.

सुळुक सुळुक ती गेली प्लंबरमामांकडे. प्लंबरमामा बसले होते उलट्या बादलीवर. चहा संपला होता. ते रिकामा कप बघत होते.

"प्लंबरमामा, प्लंबरमामा,
माझी खोबण बुजली.
गवंडीदादा म्हणतात, चौकट नाही.
सुतारकाका म्हणतात, वीज नाही.
वायरमनदादा म्हणतात, पाइप नाही.
अंडी ठेवू कुठे?
मी गप्प बसणार नाही."

प्लंबरमामा म्हणाले, "पाइप तयार आहे. पण भांडी घासायची मोरी कुठे? ते ठरल्याशिवाय मी पाइप बसवणार नाही. जा, मालकांना विचार."

सुळुक सुळुक ती गेली आईबाबांकडे. ओट्यावर घराचा नकाशा पसरला होता.

बाबा म्हणत होते, "मोरी दारापाशी."
आई म्हणत होती, "मोरी खिडकीपाशी."
"दारापाशी."
"खिडकीपाशी."
चार दिवस हेच चाललं होतं.

पालुबाई नकाशावर चढली. बरोब्बर मधोमध बसली.

"आईबाबा, आईबाबा,
माझी खोबण बुजली.
गवंडीदादा म्हणतात, चौकट नाही.
सुतारकाका म्हणतात, वीज नाही.
वायरमनदादा म्हणतात, पाइप नाही.
प्लंबरमामा म्हणतात, मोरी ठरत नाही.
अंडी ठेवू कुठे?
मी गप्प बसणार नाही."

बाबा म्हणाले, "हिनं हो म्हटल्याशिवाय मी ठरवणार नाही."
आई म्हणाली, "ह्यांनी हो म्हटल्याशिवाय मी ठरवणार नाही."

मग आईला सुचलं. "पालुबाई, तूच चुकचुक. कुणाचं खरं ते एकदाचं ठरू दे."

आई पालुबाईकडे बघू लागली. बाबा पालुबाईकडे बघू लागले.
पालुबाईनं तोंड मिटलं. घट्ट.
मग थोडंसंच उघडलं आणि म्हणाली,
"माझी खोबण द्यायचा शब्द दिल्याशिवाय मी चुकचुकणार नाही."

"घ्या," बाबा म्हणाले. "हीसुद्धा गवंडी-सुतारांसारखंच बोलायला शिकली. अगं, घर आमचं. तुझी कसली खोबण?"

"तुम्ही जेवता तेव्हा चिलटं कोण खातं?" पालुबाई म्हणाली. "डास कोण खातं? घर तुमचं आहे. घर माझंही आहे. मी इथून हलणार नाही."

तेवढ्यात एक डास आला. बाबांच्या कानाशी गाऊ लागला. गुं गुं गुं. बाबांनी हात मारला. चट्. डास उडाला. बाबांचाच कान लाल झाला. पालुबाईनं मान वळवली. मटक. डास गेला.

बाबा कान चोळत म्हणाले, "बरं बाई. दिला शब्द."
आई म्हणाली, "माझाही."

पालुबाईनं विचार केला. मोरी खिडकीपाशी, तर दिवा खिडकीपाशी. दिवा खिडकीपाशी, तर चिलटं खिडकीपाशी. आणि खिडकीपाशीच तर तिची खोबण.

"मोरी दारापाशी," बाबा म्हणाले.
पालुबाई गप्प.
"मोरी खिडकीपाशी," आई म्हणाली.
चुक चुक चुक.
टक टक टक. बाबांनीच बोट वाजवलं.

मग काय.
आईबाबांनी मोरी ठरवली.
प्लंबरमामांनी पाइप बसवला. खटक खटक.
वायरमनदादांनी वीज जोडली. टिक. शिवाय प्लंबरमामांशी बोललेसुद्धा. थोडंसं.
सुतारकाकांनी चौकट केली. घर्रर्र, ठक ठक.
गवंडीदादांनी चौकट भिंतीत बसवली. मग छिन्नी उचलली. टुक टुक टुक. सिमेंटचा गोळा पडला. भद्.
खोबण उघडली.

पालुबाई आत गेली. पालुबाई बाहेर आली. शेपटी आपटली. सट्.

"आता काय झालं?" गवंडीदादा म्हणाले.

"ह्यांचं स्वयंपाकघर वाढलं. माझी खोबण आहे तेवढीच. आणि आता आम्ही तिघं होणार."

गवंडीदादांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या कानाला हात लावला. म्हणाले, "वाढवा हो, दादा."

टुक टुक टुक. खोबण वाढली. एक बोट इकडे, एक बोट तिकडे.

पालुबाई आत गेली. टुप. एक अंडं. टुप. दुसरं अंडं. पांढरी पांढरी, वाटाण्याएवढी.

संध्याकाळी खिडकीपाशी दिवा लागला. चिलटं आली. मटक मटक.

बोरकरांचं स्वयंपाकघर वाढलं चार पावलांनी.
पालुबाईचं घर वाढलं दोन बोटांनी.

चुक चुक चुक.
म्हणजे गोष्ट खरी. वाजवा बघू बोट जमिनीवर.
टक टक टक.