पाच लाखांचा विमा आणि उजवा पाय

एका तालुक्याच्या गावी एकदा एक भुसार व्यापारी आपल्या पायाच्या जखमेला भाव येण्याची वाट पाहत बसला. ऐकायला विचित्र वाटेल. पण घडले ते असेच, आणि ते घडताना भोवती सगळे शहाणे लोक होते.

व्यापारी माणूस म्हणून नेक होता, हे आधी सांगितले पाहिजे. तूर, हरभरा, ज्वारीची घाऊक विक्री. मापात कधी खोट नाही. बहिणीचा नवरा अकाली गेला तेव्हा तिच्या मुलाला त्याने आपल्या घरी आणले, पोटच्या पोरासारखे वाढवले आणि आयुर्वेदाच्या महाविद्यालयात शिकवले. हा भाचा, नीळकंठ, शिक्षण पुरे करून गावातल्याच एका वृद्ध वैद्यांच्या हाताखाली विद्या घेत होता. मामा त्याला नीळू म्हणत आणि "आमच्या घरचा डॉक्टर" म्हणून गिऱ्हाइकांपुढे मिरवत.

मामांना दहा वर्षांपासून मधुमेह होता. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी गादीवर बसून चहाबरोबर बालुशाही खायची, असा त्यांनी मधुमेहाशी तह केला होता. कोणी हटकले तर ते तिजोरीकडे बोट दाखवत. "पाच लाखांचा विमा काढलाय. कशाला घाबरायचं?" विम्याची ती पुस्तिका खरोखरच तिजोरीत असे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या शेजारी तीही पाटावर मांडली जाई आणि तिलाही हळदकुंकू वाहिले जाई. विम्याचा हप्ता मामांनी एकदाही चुकवला नाही. सकाळी फिरायला जाणे मात्र त्यांनी कधी सुरूच केले नाही.

एके दिवशी नवी चप्पल चावली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. फोड फुटला, जखम झाली, पण दुखली नाही. भिण्यासारखी गोष्ट नेमकी तीच होती, कारण मधुमेहाने पाय बधिर झाला होता. नीळकंठ मामांना वैद्यांकडे घेऊन गेला.

वैद्यांनी पाय हातात धरून उजेडात नीट पाहिला. म्हणाले, "शेट, हा पाय आता तुम्हाला स्वतःहून काही सांगणार नाही. त्याला रोज डोळ्यांनी विचारावं लागेल. तीन आठवडे सकाळी इथे यायचं, मी जखम धुऊन पट्टी करीन. साखर आजच तपासा, डॉक्टरांना दाखवून गोळी वाढवून घ्या. चप्पल बदला. आणि ती बालुशाही बंद."

"रोजचे किती?"

"साठ रुपये."

मामांनी जरा विचार केला. "हे विम्यात बसतं का हो, वैद्यबुवा?"

वैद्य ज्ञानी होते, पण त्यांच्या नाकावर राग असे. "जखम तुमच्या अंगठ्याला झाली आहे शेट, विम्याला नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे वळले.

चार दिवस मामा नियमाने गेले. पाचव्या दिवशी जेवणे झाल्यावर त्यांनी तिजोरीतून पुस्तिका काढून भाच्यापुढे ठेवली. "बघ रे नीळू, काय म्हणतात ते. बारीक अक्षर आहे."

नीळकंठाने पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आपल्याला त्यातले सगळे कळते आहे, ह्याचा त्याला मनातून अभिमान वाटत होता. "नुसती मलमपट्टी बसत नाही, मामा. पण दवाखान्यात चोवीस तास भरती झालं, की सगळं मिळतं. भरतीच्या आधीच्या तीस दिवसांची औषधं आणि तपासण्यासुद्धा."

"म्हणजे आज पट्टी केली तर साठ रुपये माझे. आणि भरती होण्याइतकं वाढलं, तर सगळं त्यांचं?"

"नियम तर तसाच आहे," नीळकंठ हसून म्हणाला. ह्या हसण्याची त्याला आजही लाज वाटते.

"मग जरा थांबू या. बघू कुठवर जातंय."

मामांनी आयुष्यभर हेच केले होते. तूर स्वस्त असली की गोदामात ठेवायची आणि भाव चढला की बाहेर काढायची. जखमही त्यांनी तशीच ठेवून दिली. साठ रुपये त्यांना जड नव्हते. तेवढ्याची बालुशाही तर ते गादीवर आल्यागेल्याला खिलवत. परंतु अकरा वर्षे हप्ते भरून त्यातला एक रुपयाही परत आला नाही, हे दुःख त्यांच्या मनात घर करून होते. अकरा वर्षे रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही, ह्याचा आनंद मानायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. आपल्यापैकी तरी कोणाला शिकवले आहे?

दोन दिवसांनी वैद्यांनी विचारले, "मामा येत नाहीत?"

"जरा थांबलेत, गुरुजी. विम्याचं बघताहेत."

वैद्यांचा चेहरा लाल झाला. "त्यांना म्हणावं, पट्टी करायची असेल तर या. विम्याचं बघायचं असेल तर माझी पायरी चढू नका." निरोप पोचला. मामांना तो सोयीचाच वाटला.

नीळकंठ रोज त्यांच्या पंक्तीला जेवायला बसत होता. अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा. मग मामांनी पायमोजा घातला आणि तो दिसेनासा झाला. एकदा न राहवून नीळकंठ म्हणाला, "मामा, आता दाखवू या."

"एवढ्यात? एवढ्यावर भरती करून घेतील का?"

"सांगता येत नाही."

"मग? त्यांनी नाही म्हटलं, तर फेरी फुकट."

नीळकंठ गप्प बसला. ज्याच्या घरचे अन्न खाऊन मोठा झालो, त्याला उलट काय बोलायचे, असे त्याने स्वतःला समजावले. गप्प बसायचे असले की माणसाला अशी थोर कारणे हवी तेवढी सापडतात.

बाविसाव्या दिवशी मामांना थंडी वाजून ताप भरला. पायमोजा निघेना, तो कात्रीने कापावा लागला. वास खोलीभर पसरला आणि मामीने तोंडाला पदर लावला. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात मामा अखेर भरती झाले. पहिल्या दिवशी अंगठा काढला. चौथ्या दिवशी पाऊल गेले. नवव्या दिवशी गुडघ्याखालून पाय कापला. दर वेळी कंपनीचे मंजुरीपत्र वेळेवर आले. मामी बाहेरच्या बाकावर बसून रडत असे, आणि आत मामा गुंगीतून जागे झाले की पहिला प्रश्न विचारत, "मंजूर झालं का रे?"

"झालं, मामा," नीळकंठ सांगे. मग मामा शांतपणे डोळे मिटत. त्यांच्या चेहऱ्यावरचे ते समाधान नीळकंठाला पाहवत नसे.

चार महिने गेले. मामा कुबड्यांवर चालू लागले. तेव्हा गावातल्या विमा प्रतिनिधीने व्यापारी संघाच्या सभागृहात एक कार्यक्रम ठरवला. विषय होता विम्याचे महत्त्व, आणि मामांचा सत्कार. सभागृह भरले. मामा मंचावर मधल्या खुर्चीवर बसले होते. धोतराचा उजवा सोगा त्यांनी मांडीखाली नीट दुमडून घेतला होता. प्रतिनिधी माईकसमोर उभा राहून म्हणाला, "मंडळी, बिल झालं साडेचार लाख! आणि आपल्या शेटजींच्या खिशातून एक रुपया, एकच रुपया तरी गेला का? विचारा त्यांना!"

मामांनी हसून मान हलवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या नीळकंठानेही टाळी वाजवली, कारण सगळे वाजवत होते.

हार घालायला गावातले ज्येष्ठ म्हणून वैद्यांना बोलावले होते. ते सावकाश मंचावर गेले. झेंडूचा जाडजूड हार त्यांनी दोन्ही हातांत घेतला. मामांनी मान पुढे केली. वैद्य मात्र वाकले, गुडघ्यांवर बसले, आणि जिथे मामांचा उजवा पाय टेकला असता, त्या मोकळ्या जागी त्यांनी तो हार जमिनीवर ठेवला. हात जोडून नमस्कार केला. मग कोणाशी काही न बोलता उठले आणि चालू लागले.

मामांचा चेहरा पांढरा पडला. "म्हाताऱ्याला चळ लागला," असे कोणीतरी मागून म्हणाले, आणि प्रतिनिधीने घाईघाईने चहा वाटायला सांगितला.

नीळकंठ धावत बाहेर आला. गुरूंशी तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"गुरुजी, हे काय केलंत? पाय गेलेल्या माणसाची भर सभेत अशी चेष्टा? जखमेवर मीठ चोळायलाच आला होतात का?"

वैद्य थांबले. त्यांना धाप लागली होती. "नीळकंठा, सत्कार कोणाचा करायचा असतो?"

उत्तरही त्यांनीच दिले.

"ज्याने मोल दिलं, त्याचा. तो मनुष्य म्हणाला, शेटच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. सत्य आहे. कंपनीने साडेचार लाख दिले, तेही सत्य आहे. पण ते पैसे होते पाय कापण्याचे. पायाचे पैसे कोणी दिले? ते कोणतीच कंपनी देत नाही. ते मोल त्या पायानेच दिलं, म्हणून हार त्याला घातला." वैद्य श्वास घ्यायला थांबले. "विमा वाईट नाही. माझाही आहे. उद्या मी अंथरुणाला खिळलो तर घरातलं किडूकमिडूक मोडायची वेळ येऊ नये, म्हणून काढला आहे. तो घर सांभाळतो. शरीर सांभाळणं हे ज्याचं त्याचं काम. ते हप्ता भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. मामांनी ते मारू पाहिलं, आणि कंपनीने आपला करार तंतोतंत पाळला."

"हे तुम्ही त्यांना तेव्हाच सांगायचं होतंत!" नीळकंठाचा आवाज फुटला.

"होय," वैद्य म्हणाले. "सांगायला हवं होतं. तुझं घर माझ्या दवाखान्यापासून दोनशे पावलांवर आहे. मी गेलो नाही. विम्याचं नाव काढलं म्हणून माझा अहंकार दुखावला आणि मी निरोप धाडला. वैद्य रुसला आणि रोग्याचा पाय गेला. तो नमस्कार क्षमा मागण्याचा होता, बाळ, शेटना दुखवण्यासाठी नव्हता. आणि तू..."

"माझं मला माहीत आहे, गुरुजी."

नीळकंठाला तेव्हा रडू आले आणि त्याने ते आवरले नाही. शेवटी वैद्य त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक पाय अजून आहे. तो बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीळकंठ मामांच्या खोलीत गेला. मामा खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. आदल्या दिवशीच्या प्रकाराबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. नीळकंठाने खाली बसून त्यांचा डावा पाय उचलला आणि तळवा उजेडाकडे वळवला. कुबड्या घेतल्यापासून देहाचा सगळा भार त्या एकाच पायावर पडत होता. टाचेला रुपयाएवढा फोड आला होता आणि तो फुटला होता.

"मामा, हे कधी झालं?"

"काय झालं?" मामांनी वाकून पाहण्याचा प्रयत्न केला. "दुखत तर काही नाही."

"आजपासून रोज पट्टी करायची. आत्ताच धुतो."

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, घाई कशाला करतोस? पाच लाखांतले पन्नास हजार अजून शिल्लक आहेत. विम्याचं वर्ष संपायला दोन महिने आहेत."

नीळकंठ आत गेला, कोमट पाण्याचे घंगाळे आणि स्वच्छ कापड घेऊन आला, जमिनीवर बसला आणि तो पाय मांडीवर घेऊन धुऊ लागला. मामांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

गुरूने जे सांगितले ते शिष्याला पुरते समजले होते. पण पाय त्याचा नव्हता.